ट्रॅकची जागा लॉनला देऊ नका : आमच्या मोटर स्पोर्ट्स क्लबच्या कार्यकारिणीला खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

नुकत्याच झालेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत 'ऐनवेळचे विषय' या सदराखाली एक ठराव मंजूर झाला. ट्रॅकसाठी घेतलेली माळावरची जागा एकोणतीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं लॉन आणि मंगल कार्यालयासाठी द्यायची आणि त्या भाड्यातून दरवर्षी साताऱ्यात रस्त्यावरची 'नाइट रेस' भरवायची, असा तो ठराव. विषयपत्रिकेत त्याचा उल्लेख नव्हता. सूचक-अनुमोदकांची नावं वाचून होईपर्यंत मागच्या बाजूला जेवणाची ताटं वाजायला लागली होती. मी हात वर केला, तेव्हा "वेळ कमी आहे, काय असेल ते लेखी द्या" असं व्यासपीठावरून सांगण्यात आलं. तर हे लेखी. पाकिटात घालून देण्याऐवजी ते सगळ्यांसमोर ठेवतोय, कारण ट्रॅकसाठी पैसे दिलेले निम्मे लोक त्या सभेला नव्हते. आणि जी पोरं अजून सभासद व्हायच्या वयाचीही नाहीत, त्यांचाही या जागेशी संबंध आहे.

मी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप चालवतो आणि क्लबचा आजीव सभासद आहे. वडील महाराष्ट्र स्कूटर्समध्ये होते, साताऱ्यात प्रिया स्कूटर बनत होती त्या काळात. शर्यतीच्या दिवशी पहाटे टेबल मांडून गाड्या तपासायचं काम क्लबनं माझ्याकडं दिलंय. माझी पुतणी कार्टिंग करते, म्हणजे छोट्या, उघड्या रेसिंग गाड्या चालवते. तिच्या सरावासाठी आम्ही कोल्हापूर गाठतो, कारण मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक तिथं आहे आणि राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्याही तिथं झाल्या आहेत. दोन-अडीच तासांवर एका खासगी अकॅडमीला जे जमलं, ते आपल्याला जागा हातात असूनही का जमत नाही, हा प्रश्न परतीच्या वाटेवर दरवेळी निघतो. पुतणीच विचारते, मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो.

आता मुद्द्यांवर येतो.

पहिला मुद्दा पैशांचा. आपण वर्गणी गोळा केली तेव्हा प्रत्येक पावतीवर छापलं होतं : 'ट्रॅक निधी'. 'इमारत निधी' नव्हे, 'सर्वसाधारण निधी' नव्हे. माझी पावती माझ्याकडं आहे, इतरांच्या त्यांच्याकडं असतील. कुणी गॅरेजची एका महिन्याची कमाई दिली, कुणी मुलाच्या वाढदिवसाचा खर्च टाळून दिली. ज्या कामासाठी पैसे मागितले त्याच कामाला ते लागले पाहिजेत, हे सांगायला कायद्याची पुस्तकं उघडावी लागू नयेत. पण उघडायचीच असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ३६ काढून बघा. नोंदणीकृत विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता विकायची असेल, किंवा शेतजमीन दहा वर्षांपेक्षा आणि बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. एकोणतीस वर्षं कुठल्याही हिशेबानं तिनापेक्षा आणि दहापेक्षा जास्तच आहेत. अशी परवानगी मागितली आहे का, यावर सभेत अवाक्षर निघालं नाही.

दुसरा मुद्दा नाइट रेसचा. ही कल्पना कुठून आली ते कळतं. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीला चेन्नईत शहराच्या मधोमध, दिव्यांच्या झगमगाटात रस्त्यावरची शर्यत झाली. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले, मीही पाहिले. सुंदर होते. पण त्याच्या आदल्या वर्षीचं हैदराबादही आठवा. फेब्रुवारी २०२३ मध्ये हुसेनसागरच्या काठानं विजेवरच्या मोटारींची फॉर्म्युला ई धावली, महिंद्राचा संघ घरच्या प्रेक्षकांपुढं उतरला, देशभर कौतुक झालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सरकार बदललं आणि पुढच्या वर्षीची शर्यत रद्द झाली. रस्ता सरकारचा असतो. आज देतील, उद्या देणार नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणं सार्वजनिक ठिकाणी वेगाची शर्यत लावायला राज्य सरकारची लेखी संमती लागते. म्हणजे दरवर्षी आपण फाइल घेऊन कुणाच्या तरी दाराशी उभे, आणि ज्या वर्षी निवडणूक, गणपती किंवा एखाद्या मंत्र्याचा दौरा आडवा येईल, त्या वर्षी शर्यत नाही. शिवाय साताऱ्यात ही रेस नेमकी कुठून काढणार? पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमधून? (एका सदस्यानं हे खरंच सुचवलं. थट्टा असावी अशी आशा आहे.)

आणि समजा, झाली एक रात्र साजरी. बॅरिकेड उचलली, भाड्याचे दिवे परत गेले, सकाळी दुधाच्या गाड्या त्याच रस्त्यानं धावायला लागल्या. त्या रात्रीतून आपल्या एका तरी पोराला वळणावर ब्रेक कुठं सोडायचा हे शिकता येणार आहे का? ते वर्षभर त्याच त्या वळणावर शेकडो वेळा जाऊन शिकायचं असतं.

तिसरा मुद्दा माझ्या कामाचा आहे, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो. दरवर्षी आपण मागून आणलेल्या मैदानावर मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या उड्या-वळणांवरची मोटारसायकल शर्यत, भरवतो. टिपरनं मुरूम येतो, जेसीबी दोन दिवसांत उड्या आणि वळणं रचतो, शर्यत झाली की तोच जेसीबी सगळं सपाट करतो. मैदान ज्यांचं असतं त्यांना पुढच्या आठवड्यात ते पोलीस भरतीला नाहीतर क्रिकेटच्या स्पर्धेला द्यायचं असतं. टेबलावर माझ्यापुढं मोटारसायकल येते. किल स्विचची दोरी ओढली की इंजिन बंद होतं का, लिव्हरच्या टोकाला गोळी आहे की मोडून टोकदार झालंय, हॅन्डलच्या पाइपची तोंडं बंद आहेत का, साइड स्टँड काढलाय का, चेनच्या लॉकची पिन उलटी तर बसली नाही ना. हे सगळं मी बघतो आणि कागदावर सही करतो. पण ती गाडी जिथं धावणार तिथं काय असतं? बांबू आणि सुतळी. दुसऱ्या उडीच्या उजवीकडं गाडी जिथं उतरते, नेमकी तिथंच दोरीवर रेलून माणसं उभी असतात, कारण फोटो तिथून चांगला येतो. गेल्या खेपेला धूळ मारायचा पाण्याचा टँकर वळणाच्या तोंडाशीच उभा होता, कारण तो उभा करायला दुसरी जागाच नव्हती. ट्रॅकच्या कडेला झेंडा घेऊन उभ्या असलेल्या एका मार्शलला पुढचा मार्शल दिसत नव्हता, मध्ये मंडप आडवा. पुढं धोका आहे असं सांगणारा पिवळा झेंडा इथं हलला तरी तिकडं कुणाला पत्ता नाही.

आजवर काही विपरीत घडलं नाही, हे आपलं नशीब. त्याला व्यवस्था म्हणता येत नाही. पक्क्या, तपासलेल्या ट्रॅकवरसुद्धा जिवाला धोका असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये मद्रासच्या ट्रॅकवर राष्ट्रीय मोटारसायकल स्पर्धेत बेंगळुरूचा तेरा वर्षांचा रायडर गेला. जिथं वळणाबाहेर मोकळी जागा राखलेली असते, प्रशिक्षित मार्शल असतात, डॉक्टर असतात, तिथं हे घडलं. मग सुतळीमागं उभ्या असलेल्या गर्दीचं आपण काय सांगणार?

चौथा मुद्दा. "आपल्यासारख्या जिल्हा क्लबला स्वतःचा ट्रॅक झेपणार नाही," असं अध्यक्षसाहेब म्हणाले. साहेब, तुमच्याबद्दल आदर आहे. तुम्ही नसता तर ही जागाच झाली नसती, हे मी कुठंही सांगेन. पण हे वाक्य मला पटत नाही, आणि ते का पटत नाही हे सांगायला मद्रासचंच उदाहरण घेतो.

मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा. त्यांच्याकडंही ट्रॅक नव्हता. शहराच्या उत्तरेला शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली जुनी धावपट्टी होती, तिथं ते शर्यती घेत. देशभरातून माणसं यायची, गर्दी व्हायची, नाव झालं होतं. त्यावर समाधान मानून बसायला त्यांना काहीच हरकत नव्हती. पण धावपट्टी दुसऱ्याची, आज आहे तर उद्या नाही, हे त्यांना कळत होतं. क्लबनं श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईला स्वतःची जागा घेतली, तिथं सुमारे पावणेचार किलोमीटरचा ट्रॅक उभा केला आणि १९९० मध्ये तो सुरू केला. त्या वेळी तिकडं आजच्यासारखे मोटारींचे कारखाने नव्हते, ते नंतर आले. आज राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या तिथं होतात, आठवड्याच्या मधल्या दिवसांत कंपन्या गाड्या घेऊन येतात, मोटारसायकल चालवायला शिकवणाऱ्या परदेशी शाळेचे वर्ग तिथं भरतात. शर्यत वर्षातून मोजके दिवस. बाकीच्या दिवसांत ट्रॅकच क्लबला पोसतो.

तिकडंच कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे, २००३ पासूनचा, जेमतेम दोन किलोमीटरचा. मोठं काही नाही. पण दरवर्षी फॉर्म्युला भारतसाठी देशभरातल्या अभियांत्रिकी कॉलेजांची पोरं स्वतः बांधलेल्या गाड्या टेम्पोत घालून तिथं नेतात. त्यात पुण्याची पोरं असतात. चाकण, पिंपरी, आकुर्डीचे कारखाने ज्यांच्या वसतिगृहापासून तासाभरावर आहेत, ती पोरं गाडी पळवून बघायला हजार किलोमीटर दूर जातात. फोक्सवॅगनची पोलो बनायची चाकणला. २०१० पासून पोलो कपच्या शर्यती सुरू झाल्या, त्या बघायला जायचं तर पुन्हा तिकडंच. केटीएमच्या मोटारसायकली बजाजच्या चाकणच्या कारखान्यात बनतात. गाड्या आपण बनवायच्या आणि धावणार दुसरीकडं, ही आपल्या राज्याची तऱ्हा झाली आहे. फॉर्म्युला वनमध्ये आजवर दोनच भारतीय उतरले : २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन आणि २०१० मध्ये करुण चंढोक. एक कोइमतूरचा, दुसरा चेन्नईचा. हा निव्वळ योगायोग आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

आता कुणी ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट दाखवील. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन आली, मग करांच्या वादात अडकली आणि गेली. २०२३ मध्ये मोटोजीपी ही मोटारसायकलींची जागतिक शर्यत आली, पुढच्या वर्षी तीही झाली नाही. अगदी खरं आहे. पण तो एका बांधकाम समूहानं जगाला दाखवायला बांधलेला पाच किलोमीटरचा महाल होता. आपल्याला तो नकोच आहे. आपल्याला माळावर सव्वा किलोमीटरचा मातीचा ट्रॅक हवाय, त्याच्या कडेला कार्टसाठी छोटा डांबरी तुकडा, आणि तोही पैसे येतील तसा.

त्याचा नकाशा आपल्याकडं आहे. क्लबच्याच एका सभासदानं फुकट माळाची मोजणी करून उंचसखल रेषांसकट तो काढून दिला, तो ऑफिसच्या कपाटात आहे. सभेत तो उघडला गेला नाही, म्हणून इथं सांगतो. माळाला पश्चिमेकडून ओढ्याकडं नैसर्गिक उतार आहे, म्हणजे पाऊस साचणार नाही, चर तेवढे नीट काढावे लागतील. मुरूम विकत आणायचा नाही, पायाखालीच आहे. एका बाजूची चढण कापली की दुसऱ्या बाजूची भर निघते. दरवर्षी टिपर-जेसीबीवर जो खर्च करून आपण दोन दिवसांत मातीत घालतो, तो चार वर्षं एकाच जागेवर झाला असता तर पहिला टप्पा आज उभा असता. टायरच्या भिंतीला लागणारे जुने टायर गावोगावचे पंक्चरवाले आनंदानं देतील, त्यांना ते ठेवायला जागा नसते. पाण्याची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. उन्हाळ्यात धूळ मारायला टँकर मागवणं दुष्काळी भागात शोभणारही नाही. त्यासाठी शेततळं हवं आणि ते पहिल्याच टप्प्यात धरावं लागेल.

पाचवा मुद्दा, गावाचा. ग्रामपंचायतीनं आवाजाच्या कारणावरून ना हरकत दाखला अडवला, असं सचिवांनी सांगितलं. ग्रामस्थांची तक्रार रास्त आहे. पण तिथं लॉन झालं तर लग्नसराईत रोज रात्री डीजे वाजेल, तो त्यांना चालणार आहे का? आपल्यापैकी कोणी ग्रामसभेत जाऊन बसलं का? आठवड्यातून किती दिवस, किती वाजेपर्यंत, सायलेन्सरशिवाय गाडी आत नाही, परीक्षांच्या दिवसांत बंद, गावातल्या पोरांना शिकायला अर्धी फी, पार्किंग आणि चहा-नाष्ट्याचं काम गावातल्या बचत गटाला. हे कागदावर लिहून नेलं असतं तर बोलणं सुरू झालं असतं. बैलगाडा शर्यतवाल्यांकडं बघा. २०१४ मध्ये बंदी आली, ती माणसं मोर्चे काढत राहिली, कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल घेऊन आली. आपण एका दाखल्याला कंटाळलो.

शेवटचा मुद्दा लहान आहे, पण तोच मला जास्त टोचतो. शनिवारी रात्री हायवेला किंवा यवतेश्वरच्या घाटात उभं राहा. आवाज ऐकू येतील. त्यातली निम्मी पोरं माझ्या वर्कशॉपमध्ये येणारी आहेत. त्यांना मी दरडावतो, "रस्त्यावर नको." "मग कुठं, काका?" असं विचारल्यावर माझ्याकडं पत्ता नसतो. आता तर लॉनचा पत्ता द्यावा लागेल.

म्हणून कार्यकारिणीकडं माझ्या मागण्या अशा :

१. भाडेपट्ट्याचा ठराव तात्काळ स्थगित करावा आणि 'ट्रॅकची जागा' हा एकच विषय ठेवून विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी. नोटीस नियमाप्रमाणं, प्रत्येक सभासदाला, बाहेरगावच्यांनाही.

२. ट्रॅक निधीत आजवर किती जमा झाले, कुठल्या बँकेत आहेत, व्याज किती आणि त्यातून काय काय खर्च झालं, याचा लेखापरीक्षित हिशेब त्या सभेआधी सूचना फलकावर लावावा.

३. लॉनच्या व्यावसायिकाशी काही करार, इसार किंवा तोंडी बोलणं झालं असेल तर ते उघड करावं. धर्मादाय आयुक्तांकडं अर्ज केला असेल तर त्याची प्रत सभासदांना द्यावी. केला नसेल तर परवानगीशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नये.

४. कपाटातला नकाशा सभेपुढं मांडावा. मातीचा ट्रॅक, कुंपण आणि शेततळं एवढाच पहिला टप्पा धरून त्याचं अंदाजपत्रक दोन वेगवेगळ्या ठेकेदारांकडून घ्यावं. देशातल्या मोटर स्पोर्ट्सच्या महासंघाकडून जागेची पाहणी करून घ्यावी, म्हणजे पुढं परवान्याच्या वेळी तोडफोड नको.

५. ग्रामसभेशी बोलायला तिघांची समिती नेमावी. त्यात एक तरी सभासद त्या पंचक्रोशीतला असावा.

६. प्रेक्षक आणि ट्रॅक यांच्यात अंतर सोडून दुहेरी जाळीचं कुंपण, एकमेकांना दिसतील असे मार्शल आणि डॉक्टरसह रुग्णवाहिका असल्याशिवाय क्लबनं यापुढं कुठंही शर्यत भरवू नये.

सहाव्या मागणीबाबत एक स्पष्ट करतो. ती मान्य होईपर्यंत मी तपासणीच्या टेबलावर बसणार नाही आणि कुठल्याही गाडीच्या कागदावर सही करणार नाही. राग म्हणून नव्हे. गाडी ठीक आहे असं लिहून देताना ती जिथं धावणार ती जागा ठीक नाही हे मला माहीत असतं, आणि त्या सहीचा अर्थ मला पुढं कुणाला समजावून सांगायची वेळ येऊ नये. बाकी लागेल ती मेहनत करायला तयार आहे. वेल्डिंग मशीन आणि दोन पोरं घेऊन कुंपणाचे खांब उभे करायला कधीही बोलवा, मजुरी लावणार नाही.

विशेष सभेच्या मागणीच्या अर्जावर सह्या घेणं सुरू केलं आहे. घटनेप्रमाणं लागणाऱ्या सह्या पूर्ण झाल्या की अर्ज सचिवांकडं समक्ष आणून देईन. त्याची तारीख-शिक्क्यासह पोच द्यावी, ही विनंती.

कळावे,

आपला,
एक आजीव सभासद
सातारा